ठिपका की चादर

कमेल्यात सकाळी लवकर जावं लागे. उशीर झाला की खराब कलेजी कुत्र्यांपुढं टाकून दिलेली असायची आणि आमचा दिवस तिथंच संपायचा. गुलबर्ग्यात जनावरं कापण्याच्या जागेला सगळे कमेलाच म्हणत. तिथं मी स्टीलचा डबा, जाड सुया, मोठी काचेची सिरिंज आणि बर्फाचा थर्मास घेऊन उभी राहायची. मेंढरू सोललं, पोट उघडलं की खाटीक कलेजी हातात घेऊन उजेडाकडं धरायचा. तिच्यावर पांढुरकी, टरारलेली गाठ दिसली की मला हाक यायची.

"आओ आपा, आज तीन निकले. हमारा नुकसान, तुम्हारी ईद."

"नुकसान कशाचं? मी नसते तर ही कलेजी विकली असतीस."

"तोबा तोबा," असं म्हणून तो हसायचा, पण विकली नसती असं काही म्हणायचा नाही.

गाठीत सुई घातली की सिरिंजमध्ये पाणी यायचं. पू नाही, रक्त नाही, स्वच्छ पाणी. इतकं स्वच्छ की पहिल्यांदा पाहणाऱ्याला आजाराची शंकाही येऊ नये. त्या पाण्यासाठीच मी तिथं जात होते. आमच्या प्रयोगशाळेत दोन सहकारी होते. त्यांना कमेल्याच्या दारातही उभं राहायचं नव्हतं. मी बौद्ध घरातली, म्हणून ते काम मला न विचारताच माझ्याकडं आलं. न विचारण्याचा राग होता, कामाचा नव्हता.

मैसूर राज्याचं कर्नाटक होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. एका मोठ्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या. मी तंत्रज्ञ होते. आमचे सर सोलापूरकडचे डॉक्टर होते, रोग्यांपेक्षा काचेच्या नळ्यांमध्ये जास्त रमणारे. ते रक्ताची एक तपासणी तयार करत होते. आमच्या भागात मेंढरं पुष्कळ, मेंढरांमागं कुत्री पुष्कळ. कुत्र्यानं असली खराब कलेजी खाल्ली की त्याच्या पोटात बारीक फीतकृमी वाढतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतात, पाण्यात, माणसाच्या हातावर येतात. मेंढरानं ती गिळली तर मेंढराच्या, आणि माणसानं गिळली तर माणसाच्या कलेजीत पाण्याची गाठ धरते. डॉक्टर तिला हायडॅटिड म्हणतात. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाढते. बाहेरून दिसतो तो फक्त बरगडीखालचा फुगवटा.

अडचण अशी की आमच्याकडं कलेजीत पू होण्याचा आजारही खूप होता. तो फुगवटाही तसाच, दुखणंही तिथंच. पू असेल तर जाड सुई घालून ओढून काढायचा, माणूस वाचतो. पाण्याची गाठ असेल तर सुई घालायचीच नाही. ते पाणी पोटात सांडलं तर माणूस टेबलावरच थंड पडू शकतो, आणि त्यातून वाचला तरी सांडलेल्या पाण्यातून नव्या गाठी उगवतात. पोटात डोकावून बघायची सोय तेव्हा आमच्याकडं नव्हती. एक्स-रेवर कलेजी वर सरकलेली दिसायची, आत काय आहे ते कळायचं नाही. सुई घालायच्या आधी रक्तावरून ते सांगता यावं, एवढीच सरांची धडपड होती.

तपासणी सांगायला सोपी होती. मेंढराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी धुऊन घ्यायच्या, त्यांवर कमेल्यातून आणलेल्या त्या स्वच्छ पाण्याचा लेप चढवायचा. प्लॅस्टिकच्या प्लेटीत वाटीसारखे बारीक खळगे असत. त्यांत रोग्याच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सिरम, टाकायचं आणि वर लेपाच्या पेशी. दोन-तीन तास प्लेटीला हात लावायचा नाही. रोग्याच्या अंगात गाठ असेल तर त्याचं सिरम त्या पेशींना एकमेकींशी बांधून टाकतं आणि खळग्याच्या तळाशी तांबडी चादर अंथरल्यासारखी दिसते. गाठ नसेल तर पेशी घसरत खाली येतात आणि मधोमध एक तांबडा ठिपका होतो. ठिपका म्हणजे नाही, चादर म्हणजे आहे. आम्ही दिवसभर तेच दोन शब्द बोलायचो.

प्लेट खरं बोलते की नाही हे ताडण्यासाठी प्रत्येक प्लेटीत दोन ओळखीची सिरम लावायची. एक होतं एका धनगर बाईचं. तिची गाठ ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी पाहिलेली होती, तिची चादर व्हायलाच हवी. दुसरं निरोगी माणसाचं, त्याचा ठिपका व्हायलाच हवा. ते निरोगी माणूस म्हणजे मी. कारण काही मोठं नव्हतं. मी रोज समोर असायची आणि माझी शीर चटकन सापडायची. रक्त संपत आलं की सर माझ्या दंडाला रबर बांधायचे. "बाई, तुम्ही आमचं शून्य," असं म्हणायचे. मला ते आवडायचं.

त्या हिवाळ्यात एक दिवस माझ्याच खळग्यात चादर झाली.

पहिल्यांदा कोणी मनावर घेतलं नाही. सर म्हणाले, लेप बिघडला. पेशी फेकल्या, नव्या केल्या. पुन्हा चादर. सर म्हणाले, काच नीट धुतलेली नाही. मी सगळ्या नळ्या, सगळ्या बाटल्या आम्लात घालून पुन्हा धुतल्या. बोटांची सालं निघाली. पुन्हा चादर. जुन्या रोग्यांतही, ज्यांचा पूर्वी ठिपका होता अशा एकदोघांच्या नव्या रक्तात चादर दिसायला लागली. सर जुन्या नोंदी उघडून बसू लागले. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मला वेगळीच धास्ती लागली. रोज सिरिंजभर ते पाणी मी काढत होते. हातमोजे फाटायचे, पाणी अंगावर उडायचं. त्या पाण्यातून माणसाला आजार होत नाही, कुत्र्याच्या विष्ठेतल्या अंड्यांतून होतो, हे मला पाठ होतं. पण मी औरादकडच्या खेड्यातली. आमच्या अंगणात कुत्री आमच्या ताटलीजवळच लोळत वाढली होती. लहानपणी गिळलेलं अंडं तिशीत उघडं पडू शकतं, हेही मला पाठ होतं. मी न्हाणीत उभी राहून उजव्या बरगडीखाली बोटं रोवून बघायची. श्वास घेऊन बघायची, सोडून बघायची. एकदा वाटलं काही लागलं. दुसऱ्या दिवशी ते नव्हतं. एक्स-रेच्या खोलीतल्या ओळखीच्या बाईकडून एक फोटो काढून घेतला. तो स्वच्छ आला. पण अशा फोटोत कलेजीच्या आतलं दिसत नाही हे मी इतरांना सांगत आले होते, मग स्वतःला काय वेगळं सांगणार? घरी कोणाला बोलले नाही. बोलून गाठ विरघळणार नव्हती.

अशात अक्का आली.

अक्का माझी थोरली बहीण. तिचं सासर औराद तालुक्यातच, शेती आणि थोडी मेंढरं. दाजींनी तिला एस्टीनं बिदरला आणि तिथून गुलबर्ग्याला आणलं होतं. अंगात ताप, चेहरा पिवळसर, उजवी बाजू हातानं धरून ती दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. गावच्या डॉक्टरनं आठवडाभर गोळ्या आणि सुया दिल्या होत्या, ताप हटत नव्हता.

"कधीपासून दुखायलंय?" मी विचारलं.

"लई दिस झाले."

"मग आजवर बसलीस कामून?"

"ज्वारी कोण काढणार हुतं, तू?" अक्का म्हणाली. एवढ्या तापातही तिचं तोंड शाबूत होतं, तेवढाच मला धीर आला.

तिच्या बरगडीखाली मी हात ठेवला. माझ्या अंगावर मी जे शोधत होते ते तिच्या अंगावर शोधावं लागत नव्हतं. मोसंबीएवढा फुगवटा हाताला लागत होता.

सर्जन कन्नड बोलणारे, घाईचे आणि कामाला चोख गृहस्थ होते. त्यांनी पोट दाबून पाहिलं, एक्स-रे पाहिला आणि मला बाजूला घेतलं. ताप आहे म्हणजे पू असावा, असं त्यांचं मत होतं. पण कलेजीतला पू बहुतेक शिंदी पिणाऱ्या पुरुषांना होतो, बायकांना क्वचित. त्यात घरी मेंढरं, दारात कुत्रं. आणि पाण्याच्या गाठीतही घाण शिरली की ताप येतोच. गोळ्यांनी काम भागलं नव्हतं. फार थांबलं तर आतला पू पोटात फुटणार. त्यांनी उद्या दुपारची वेळ ठरवली.

"सूजी हाक्लो ब्याडो?" त्यांनी विचारलं. सुई घालू की नको. त्यांना माझ्या प्लेटीकडून एवढंच हवं होतं.

मी अक्काचं रक्त घेतलं आणि त्याच दुपारी प्लेट लावली. शेजारी धनगर बाईचं आणि माझं. तीन तास मी त्या टेबलाकडं पाठ करून काचा पुसत बसले. मग वळून पाहिलं. धनगर बाईची चादर. माझी चादर. अक्काची चादर.

ही प्लेट काहीच सांगत नव्हती. निरोगी माणसाचा ठिपका आला असता तर अक्काची चादर खरी मानता आली असती. माझीच चादर असताना अक्काच्या चादरीचा अर्थ काय? आम्ही दोघी एका अंगणात, एकाच कुत्र्याबरोबर वाढलेल्या. दोघींनाही गाठ आहे, हाही एक अर्थ निघत होता. तो मी कोणाला बोलून दाखवला नाही, पण सरांनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि नजर काढून घेतली. त्यांच्याही मनात तेच आलं असावं.

"चला, तुमच्या बहिणीला भेटू," ते म्हणाले.

सर सहसा वॉर्डात जात नसत. खाटेजवळ स्टूल ओढून ते रोग्याला विचारायचे ठरलेले प्रश्न विचारू लागले. आधी कुठला आजार, कुठलं ऑपरेशन, घरात कुत्री किती, मेंढरं कोण राखतं.

"मेंढरं मीच राखते," अक्का म्हणाली.

"म्हणून तर मेंढराची बीमारी झाली की काय, बघायलेत ते," दाजी म्हणाले.

"व्हय का? मंग नवरा राखला त्याची कोणती बीमारी व्हईल, ते बी बघा म्हणावं."

सर हसले नाहीत, पण त्यांची मान खाली गेली. पुढचा प्रश्न होता, अलीकडं कुठल्या सुया घेतल्या.

"ह्या तापाच्या घेतल्या. आन त्याच्या आधी घोड्याची."

"घोड्याची?"

धनुर्वात होऊ नये म्हणून द्यायच्या सुईला आमच्याकडं घोड्याची सुई म्हणत. ती घोड्याच्या रक्तापासूनच बनायची. विळा लागो, खिळा लागो, बैलाचं शिंग लागो, कंपाउंडर ती टोचल्याशिवाय सोडत नसे आणि लोकही ती घेतल्याशिवाय उठत नसत. अक्काला ज्वारीच्या काढणीत विळा लागला होता.

"सुई घेतल्यावर काही त्रास?"

"आठ दिसांनी सगळ्या अंगावर गांध्या उठल्या. गुडघं धरलं. मी म्हनलं, घोड्याची सुई हाय, आता मी बी उधळते की काय."

सरांनी पेन्सिल वहीवर ठेवली. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "बाई, तुम्ही कधी घेतलीत?"

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. दिवाळीनंतर कमेल्याच्या दारातली तार माझ्या टाचेत घुसली होती. त्या संध्याकाळीच मी ती सुई घेतली होती. ते काही आजारपण नव्हतं. कोणाला सांगण्यासारखं ते वाटलंच नव्हतं आणि कोणी विचारलंही नव्हतं.

"पुस्तकात आहे हे," सर वॉर्डातून बाहेर येताना म्हणाले. "घोड्याचं रक्त अंगात गेलं की अंग त्याच्याशी भांडायला शिकतं. आणि त्या भांडणात मेंढराच्या पेशीही पकडतं. जुनी गोष्ट आहे. मी वर्गात शिकवतो की हो हे." ते स्वतःशीच बोलत होते. "पेशींवर गाठीच्या पाण्याचा लेप असो, नसो, त्याला काही फरक नाही. मेंढराची पेशी दिसली की पकडली."

म्हणजे माझी चादर गाठीची नव्हती. निदान ती गाठीचीच होती असं म्हणायला आता आधार नव्हता. पहिल्यांदा माझ्या मनात हे आलं, अक्काचं नंतर. माणसाचं मन असंच चालतं, त्याला मी काय करणार.

पण अक्काचं कोडं सुटलेलं नव्हतं. तिच्या रक्तात घोड्याच्या सुईचं भांडण होतं हे नक्की. त्याच्या आड गाठीचं भांडणही लपलेलं होतं का, हे कळायचं होतं. उपाय सरांनीच सांगितला. तिच्या सिरममध्ये बिनलेपाच्या, साध्या मेंढराच्या पेशी भरपूर घालायच्या. घोड्याच्या सुईनं जे काही तयार झालं आहे ते त्या पेशींना चिकटून जाईल. पेशी तळाशी बसवून वरचं सिरम काढून घ्यायचं. मग जे उरेल ते फक्त गाठीबद्दल बोलेल, बोललंच तर.

आमच्याकडं साध्या पेशी होत्या त्या जुन्या, फुटून पाणी झालेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कमेल्यात गेले. डबा नेला नव्हता, फक्त एक बाटली.

"आज थैली नक्को क्या, आपा?" गाठीला तो थैली म्हणायचा.

"आज नुसतं रक्त. धडधाकट मेंढराचं दे."

खाटकानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि बाटली धरली. गोठू नये म्हणून बाटलीत औषधाचं पाणी होतं, ती मी रिक्षात मांडीवर हलवत आणली.

पेशी धुवायला घेतल्या आणि वीज गेली. पेशी तळाशी बसवायचं विजेचं यंत्र बंद. कोपऱ्यात हातानं फिरवायचं जुनं यंत्र होतं. मी आणि सर आळीपाळीनं त्याचा दांडा फिरवत होतो. जोरात फिरवलं तर पेशी फुटतात, हळू फिरवलं तर बसत नाहीत. सर दमले की मी, मी दमले की सर. वॉर्डातून दोनदा विचारणा झाली. दुपारची वेळ जवळ येत होती आणि सिरम, अक्काचं आणि माझंही, त्या पेशींत बर्फावर मुरू द्यायलाही वेळ हवा होता. शेवटी प्लेट लागली. या वेळी सरांनी एक जास्तीची रांग लावली, बिनलेपाच्या पेशींची. तिथं सगळ्यांचे ठिपके आले तरच ही प्लेट मानायची.

सर्जन स्वतः आले आणि दारात उभे राहिले. त्यांनी सुई पुढं ढकलली होती, पण संध्याकाळ होऊ द्यायची नव्हती. अक्काचा ताप चढलेला होता.

मी प्लेट आरशावर धरली, म्हणजे खळग्यांचे तळ खालून दिसतात. बिनलेपाच्या रांगेत सगळे ठिपके. लेपाच्या रांगेत धनगर बाईची चादर. माझा ठिपका. अक्काचा ठिपका.

सरांनी आरसा स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा पाहिलं. मग सर्जनना म्हणाले, "सापडलं नाही."

"म्हणजे नाही?"

"सापडलं नाही."

या दोन उत्तरांतला फरक आम्हा तिघांनाही ठाऊक होता. ज्यांची गाठ ऑपरेशनमध्ये डोळ्यांनी पाहिली अशा काही माणसांच्या रक्तानं आमच्या प्लेटीत ठिपकाच दाखवला होता. काही गाठी रक्ताला काही कळूच देत नाहीत. किती देत नाहीत, हे आम्हाला अजून माहीत नव्हतं. तपासणी अर्धवट होती. कालपर्यंतच्या प्लेटीवर विश्वास ठेवला असता तर सर्जननी सुई घातली नसती आणि पू असता तर तो पोटात फुटला असता. आजच्या प्लेटीवर विश्वास ठेवून सुई घातली आणि आत पाणी असलं तर अक्का टेबलावरच जाणार होती. चूक कुठल्याही बाजूनं झाली तरी अक्काच्याच जिवावर बेतणार होती.

"एनम्मा," सर्जन माझ्याकडं वळले, "तुमची बहीण आहे. घालू?"

"आधी तिला विचारते," मी म्हणाले.

अक्काला मी काही लपवलं नाही. लपवून तिला फसवता आलं नसतं. आत पू असेल तर सुईनं बरं वाटेल, पाणी असेल तर जीव जाईल, प्लेट म्हणते पाणी नाही, पण प्लेट कधीकधी चुकते. असं सरळ सांगितलं. दाजी उठून खिडकीपाशी गेले.

"आन सुई घातलीच न्हाई तर?" अक्कानं विचारलं.

"पू असंल तर फुटंल."

"फुटला तर?"

"तरी बी जीव जाईल."

"मंग इचारायलीस कशाला?"

"तुला इचारल्याबिगर कसं घालू?"

"तू असतीस तर घेतली असतीस?"

"व्हय."

"लबाड न्हाईस ना?"

"न्हाई."

तिनं माझा हात झटकला आणि कूस बदलून उजवी बाजू वर केली, जशी सर्जननी सकाळी करायला सांगितली होती. दाजी खिडकीतूनच म्हणाले, "डागदरीणबाई, तुमच्या भरवशावर हाय सगळं." एरवी ते मला चिडवायलाच डागदरीणबाई म्हणत.

मी आत थांबू नये असं सरांचं मत होतं. मी थांबले. ताटात जाड सुई, मोठी सिरिंज आणि अंग थंड पडलं तर टोचायचं औषध आधीच फोडून भरून ठेवलेलं. ती भरलेली दुसरी सिरिंज नर्सच्या हातात होती. तिच्या हाताकडं बघायचं नाही असं मी ठरवलं, आणि तिच्याच हाताकडं बघत राहिले.

दोन बरगड्यांच्या मधे सुई गेली. अक्का "आई गं" म्हणाली, बास. सर्जननी दांडा ओढला. काही आलं नाही. सुई थोडी पुढं गेली. पुन्हा ओढला. काही नाही. रिकाम्या सिरिंजच्या काचेतून पलीकडची भिंत दिसत होती. स्वच्छ. रोज सकाळी कमेल्यात ज्या पाण्याची वाट बघायची, ते येऊ नये म्हणून मी श्वास धरला होता. सर्जननी सुईचं तोंड किंचित वर केलं.

आधी रक्ताची एक रेघ आली. मग तिच्या मागून दाट, तांबूस-तपकिरी, चिंचेच्या कोळासारखं सिरिंज भरून आलं.

नर्सनं हातातली सिरिंज ताटात ठेवली. ती ताटात टेकल्याचा आवाज मला अजून आठवतो. सर्जननी दुसरी सिरिंज मागितली, मग तिसरी. भांडं भरत चाललं होतं.

"काय निघायलंय गं?" अक्कानं भिंतीकडं तोंड करून विचारलं.

"चिंचेचा कोळ."

"किती?"

"पंगतीच्या आमटीला पुरंल."

"बाई बाई," ती म्हणाली, आणि थोड्या वेळानं, "तुझ्या दाजींना सांग, न्हाईतर ते तिथंच उभं ऱ्हातेल."

मी बाहेर जाऊन सांगितलं. दाजींनी डोक्याचा पटका काढला, तोंड पुसलं आणि पुन्हा बांधला. मग आम्ही चहा प्यायलो. काय बोललो ते आठवत नाही, बहुतेक ज्वारीचंच.

त्यातलं थोडं बाटलीत घालून मी प्रयोगशाळेत नेलं. सरांनी बाटली उजेडाकडं धरून पाहिली, झाकण उघडून वास घेतला आणि खुर्चीत बसले. जुन्या प्लेटींच्या सगळ्या नोंदी त्यांच्यासमोर पडल्या होत्या. गावोगावची माणसं, त्यांतल्या किती जणांनी घोड्याची सुई घेतली होती देव जाणे. ते सगळं पुन्हा करायचं होतं. आम्ही ज्यांना चादर म्हणून सांगितलं होतं त्यांतल्या काहींना उगाच घाबरवलं होतं का, हे शोधायचं होतं. पुढचं वर्षभर आम्ही तेच केलं.

"बाई, तुम्ही आता आमचं शून्य नाही," सर म्हणाले. "तुमचा ठिपका आला, पण तुमच्या कलेजीत कोणी सुई घालून बघितलेलं नाही. गाठ नाही असं मी तुमच्याबद्दल समजून चाललो होतो. समजून चालायचं नाही." मग थांबून म्हणाले, "फुगवटा आहे, पण तो गाठीचा नाही, हे आपण डोळ्यांनी बघितलेलं माणूस आता एकच आहे. बहिणीला विचारा, थोडं रक्त देतील का."

मी अक्काला विचारलं. तोवर तिचा ताप उतरला होता आणि ती भाकरीबरोबर ठेचा का मिळत नाही यावरून वॉर्डातल्या आयाशी भांडत होती.

"पू बी घेतला, आता रगत बी?" ती म्हणाली. "काय करणार त्याचं?"

"प्रत्येक प्लेटीत एका खळग्यात घालणार. बाकीची रक्तं तुझ्या रक्ताशी ताडून बघणार."

"म्हंजी मी निरोगी?"

"त्या गाठीपुरती."

"तेवढ्यापुरती तर तेवढ्यापुरती," म्हणून तिनं दंड पुढं केला.

पुढं कितीतरी दिवस प्रत्येक प्लेटीत शेवटून दुसरा खळगा अक्काचा असायचा. साध्या पेशींत मुरवून घेतलेलं तिचं सिरम. सर म्हणायचे, आधी रोग्यांचे खळगे वाचा, मग ताडायचे. मी तसं कधी केलं नाही. सुईतून पू आला म्हणजे तिथं पू होता. दुसरीकडं कुठं गाठ नाहीच, हे त्यावरून ठरत नव्हतं, आणि सापडलं नाही म्हणजे नाही असं नाही, हे मी सरांकडूनच शिकले होते. आरशावर प्लेट धरली की माझी नजर आधी तिच्या खळग्यावर जायची. तिथं ठिपका दिसल्यावरच मी पहिल्या रोग्याकडं वळायची.